मोडण्याआधी वाचा

मागच्या वर्षी चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि घरात पहिला विषय निघाला तो आजीच्या माळेचा. चांदीच्या रुपयांची माळ. मूळचे पंधरा रुपये होते असं आजी सांगते. चार कधीतरी मोडून त्यांचे पैंजण झाले, अकरा उरलेत. काकांचं म्हणणं सरळ होतं. "पेटीत पडून काळी पडतेय. मोडू आणि पोरीला पैंजण-जोडवी करू. चांदीचा भाव बघितलास का?" भाव मी बघितला होता, म्हणून तर मला बोलायला जड जात होतं.

आधीच सांगतो, "जुनं ते सोनं, जपून ठेवा" असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. चांदी मोडण्यात पाप नाही. आमच्या घरात दुखणं, शाळेची फी, गावाकडची पेरणी, सगळं कधी ना कधी आजीच्या पेटीतूनच निघालं. माझं म्हणणं एवढंच की मोडण्याआधी वाचा. रुपया हा मजकूर आहे. आणि मराठी वाङ्मय मंडळाच्या पोरांनी तो वाचायचा नाही तर कुणी वाचायचा?

आम्ही कडोदऱ्याला राहतो. चार रस्त्यावर उभं राहिलं की एक रस्ता मुंबईला, एक अहमदाबादला, एक सुरतेत आणि चौथा बारडोली, व्यारा, नवापूर करत थेट धुळ्याला. त्या चौथ्या रस्त्यानं आमच्यासारखी शेकडो खानदेशी घरं इकडं आली. माळही त्याच रस्त्यानं आली, आजीच्या लुगड्यात गुंडाळून. घरातली गोष्ट अशी की ही माळ आजीच्या आजीच्या गळ्यात होती आणि छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९०० साली, घरातली भांडी विकली गेली पण माळ राहिली. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय की खरी की खोटी हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

प्रश्न पडला तो माळ हातात घेतल्यावर. अकरापैकी तीन रुपयांवर पंचम जॉर्जचं तोंड. साल १९१२, १९१८, १९१९. दुष्काळानंतरचे! काका हसले. "बघ, तुझ्या आजीचा दुष्काळ." आजी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. आणि तिथून मी ह्या नादाला लागलो.

ह्या नादाला इंग्रजीत मोठमोठी नावं आहेत. आपण ठसाभेद म्हणू. नाणं पाडायला दोन ठसे लागतात, एक खालचा, एक वरचा. मध्ये चांदीची कोरी चकती ठेवायची आणि दाब द्यायचा. ठशावर सगळं उलटं कोरलेलं असतं आणि जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं. ठसा झिजतो, तडकतो, बदलावा लागतो. नवा ठसा करताना कुणी एक पान जास्त कोरतं, कुणी अक्षर जरा सरकवतं, कधी वरूनच हुकूम येतो की अमुक खूण घाला. म्हणून एकाच सालाचे, एकाच किमतीचे दोन रुपये शेजारी ठेवले तर ते जुळे भाऊ असतात, एकच माणूस नव्हे.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी पप्पांनी समजावलं. पप्पा साडीच्या प्रिंटिंग मिलमध्ये आहेत. स्क्रीनचं एक छिद्र बुजलं तर त्या फुलाची पाकळी प्रत्येक साडीवर, ठरावीक अंतरावर, तुटलेली येते, कुणाच्या लक्षात येईपर्यंत. ते म्हणाले, "डाग पडला तर एका साडीवर. स्क्रीनची चूक असेल तर सगळ्या लॉटवर. आधी ते ओळखायचं." नाण्याचंही तेच. सराफानं मारलेली खूण, पडून आलेला पोचा, माळेतल्या घासण्यानं उडालेलं नाक, हे एका रुपयाचं नशीब. ठशातला फरक हजारो रुपयांवर सारखा येतो. साधारणपणे पृष्ठभागाच्या वर आलेली जादा रेघ ठशातून येते आणि खाली गेलेला चरा नंतर पडलेला असतो. पण ह्या नियमावर आंधळा विश्वास नको. टांकसाळीची खूण म्हणून मुद्दाम खोल उमटवलेलं अक्षरही असतं. आमच्या माळेतल्या १८८५ च्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या फुलात बारीकसा बी आहे, मुंबईच्या टांकसाळीचा. काकांना तो सुईनं ओरखडल्यासारखा वाटला. तो ठशातलाच आहे. ह्या काळातल्या मुंबईच्या रुपयांवर कधी हे अक्षर उठावाचं असतं, कधी असं खोल.

आता खरी गंमत. आपण नाणं हातात घेतलं की आधी साल बघतो. आणि आपल्याकडच्या जुन्या रुपयावर नेमकं सालच फसवतं.

ही सवय आपल्या सुरतेइतकी जुनी आहे. मोगलांच्या काळात सुरतेची टांकसाळ म्हणजे जहाजातून उतरलेल्या परदेशी चांदीचं पहिलं ठिकाण. स्पेनच्या रियालांसारखी नाणी इथं वितळायची आणि बादशहाच्या नावाचे रुपये होऊन बाहेर पडायची. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून मजकुराचा एक तुकडाच नाण्यावर उतरायचा. एका रुपयावर बादशहाचं नाव अर्धं, दुसऱ्यावर गावाचं नाव अर्धं. पुढं कंपनी सरकार आलं तरी रुपया शाह आलमच्याच नावानं निघत राहिला. सुरती रुपयावर त्याच्या कारकिर्दीचं ४६ वं वर्ष गोठून बसलं, बादशहा १८०६ मध्ये वारला तरी. गोठवण्यामागं हिशेब होता. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापत. सालच बदललं नाही तर जुना कुठला आणि नवा कुठला?

१८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. 'रुपयाभार' हे माप आजीच्या तोंडात अजून आहे, ते ह्याच रुपयाचं. पण साल गोठवायची खोड गेली नाही. राणी व्हिक्टोरियाचा १८४० चा रुपया जवळपास बावीस वर्षं १८४० च लिहून पाडला गेला. नंतर १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत १८६२ च लिहून. म्हणजे नाण्यावर १८६२ दिसलं म्हणून ते १८६२ सालचं असेलच असं नाही. मग ते कधीचं हे कळायचं कसं? ठशातल्या फरकांवरून. दुसरा मार्ग नाही.

आमच्या माळेत १८४० चे दोन रुपये आहेत. एकावर राणीचं नाव आणि 'क्वीन' हा शब्द डोक्यावरून सलग कमानीसारखा जातो. दुसऱ्यावर एक शब्द डोक्याच्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. साल दोन्हीवर तेच, पण सलग अक्षरांचा ठसा आधीचा, तुटक अक्षरांचा नंतरचा. मागच्या बाजूला पानांची माळ आहे, तिच्यात बारीक फळं. कुठल्या ठशात १९, कुठल्यात २८, कुठल्यात ३५. फळं मोजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मोबाईलचा कॅमेरा, खिडकीतला तिरपा उजेड आणि आगपेटीच्या काडीचं टोक, एवढीच साधनं. सरळ उजेडात काही दिसत नाही हे लक्षात ठेवा. उजेड आडवा पाहिजे, म्हणजे सावली पडते. पहिल्यावर मी १९ मोजली. दुसऱ्यावर २६ पर्यंत आलो आणि पुढं झिजलंय. २८ असावीत, पण वहीत मी '२६ दिसतात' असंच लिहिलंय.

१८६२ चे तीन. मुंबईच्या टांकसाळीत सालाच्या आकड्याखाली बारीक टिंबं घालायचे. जितकी टिंबं तितकी वर्षं पुढं, असं अभ्यासक ती वाचतात. आमच्या पहिल्यावर टिंबच नाही, तो कलकत्त्याचाही असू शकतो. दुसऱ्यावर चार. म्हणजे १८६६ च्या आसपासचा. आता १८६६ म्हणजे काय ते आठवा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी आपला कापूस वाट्टेल त्या भावानं उचलला आणि मुंबई इलाख्यात चांदी ओतली गेली. खानदेश तेव्हाही कापसाचाच. युद्ध संपलं, भाव कोसळला. तो चार टिंबांचा रुपया कापसाच्याच पैशातला होता असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण नुसत्या सालावरून तो युद्धाच्या ऐन मध्यावरचा वाटला असता, आणि टिंबांवरून तो भाव पडल्यानंतरचा ठरतो. चार टिंबांनी रुपया तेजीतून मंदीत नेऊन ठेवला. एवढं काम टिंब करतं.

टिंबाची ही युक्ती आपलीच नाही. सुरत जिल्ह्यात ज्याला त्याला कॅनडाला जायचंय, म्हणून तिकडचं सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात राजा आठव्या एडवर्डनं गादी सोडली. नव्या राजाच्या तोंडाचे ठसे तयार नव्हते आणि नाणी तर हवीत. तेव्हा कॅनडाच्या टांकसाळीनं १९३७ च्या सुरुवातीला १९३६ चेच ठसे वापरले, फक्त सालाखाली एक टिंब घातलं. चांदीच्या २५ सेंटांवर ते टिंब आजही तिकडचे लोक भिंग लावून शोधतात. आणि १९११ सालचा योगायोग तर ऐकण्यासारखा आहे. बर्ट्राम मॅकेनलनं घडवलेलं पंचम जॉर्जचं तोंड कॅनडाच्याही नाण्यांवर गेलं, आपल्याही. कॅनडाच्या नाण्यांवरून 'देवाच्या कृपेनं' ह्या अर्थाचे लॅटिन शब्द गळले. लोक भडकले, त्यांनी नाण्याला 'देवाविना नाणं' म्हटलं आणि १९१२ ला ते शब्द परत आले. आपल्या रुपयावर ते शब्द नव्हतेच, इथं वेगळाच घोटाळा झाला. राजाच्या गळ्यातल्या पदकमाळेवर एक बारीक हत्ती होता. सोंड आखूड, पाय आखूड. लोकांना तो डुक्कर दिसला. हिंदूही नाराज, मुसलमानही नाराज. न वाटलेली नाणी टांकसाळीत परत वितळवली गेली आणि १९१२ च्या ठशात हत्तीला हत्तीसारखी सोंड मिळाली. राजा एक, साल एक, तिकडं एक शब्द कमी म्हणून तक्रार, इकडं एक सोंड कमी म्हणून. आमचा रुपया १९१२ चा निघाला तेव्हा काकांचा विरस झाला, कारण १९११ च्याला भाव जास्त.

मुद्दा निघालाच आहे तर भावाबद्दलही बोलून घेतो. "जुना रुपया द्या, लाखो मिळवा" असल्या जाहिराती प्रत्येकाच्या मोबाईलवर येतात. आधी नोंदणी शुल्क मागतात, मग कर, मग कमिशन. २०२१ साली रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला की तिच्या नावानं असे पैसे मागणाऱ्यांना फसू नका. आमच्या ओळखीतल्या एकानं राम-दरबार कोरलेलं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं 'नाणं' भक्तिभावानं विकत घेतलं. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. ज्यानं एकदा खऱ्या ठशाची अक्षरं निरखून पाहिलीत त्याला त्या नकलेतली बुळबुळीत, फुगलेली अक्षरं लगेच खटकतील. आणि माळेतल्या रुपयाला संग्राहकाच्या बाजारात फारसा भाव नसतो. कडी डाख देऊन बसवली की नाण्याचं बाजारमूल्य उतरतं. मला त्याचं बरंच वाटलं. भावाचा मोह गेला की वाचायला मोकळीक मिळते. अजून एक, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला रुपये चिंचेनं, रांगोळीनं, टूथपेस्टनं घासून लखलखीत करतात ते कृपा करून थांबवा. टिंब आधी तिथंच जातं.

आता वाङ्मय मंडळानं ह्यात का पडावं? कारण हे काम आपल्या ओळखीचं आहे. आपण त्याला पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकलाकारांनी शब्द बदलत नेले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर 'शिव' कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ, कुठं 'सिव' सुद्धा, आणि 'छत्रपति' ची वेलांटी पळते ती वेगळीच. शुद्धलेखनावर मार कापणाऱ्यांनी हे एकदा बघावंच. प्रत्येक वळण म्हणजे ठसा कोरणारा कुणी कारागीर, ज्याचं नाव कुठंच नाही.

आणि हे दोन नाद एकाच माणसाला असू शकतात ह्याचा दाखला आपल्या अभ्यासक्रमाच्या अगदी जवळ आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत. त्याचं देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये आहे, ते ज्या विल्यम मार्सडेनच्या संग्रहात सापडलं तो गृहस्थ पूर्वेकडच्या नाण्यांचा गाढा अभ्यासक होता. नाण्यांवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला, आपली नाणी ब्रिटिश म्युझियमला दिली आणि पुस्तकं किंग्ज कॉलेजला. पोथी आणि रुपया त्याच्या एकाच घरात होते.

राहिली आजीची गोष्ट. पंचम जॉर्जचे तीन रुपये बघून ती खोटी ठरल्यासारखी झाली होती. मी कड्या बघितल्या. आठ रुपयांच्या कड्या जाड, एकाच हातच्या, डाख ओबडधोबड. तीन रुपयांच्या कड्या बारीक आणि तारेच्या. आणि आठांत सगळ्यात अलीकडचा रुपया १८९१ चा. म्हणजे आठांची माळ छप्पन्याच्या आधी ओवलेली असू शकते, तीन नंतर कुणीतरी जोडले, १९१९ नंतर. चार मोडले त्यांचं काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. ते कुणी वाचले नाहीत. मला सगळ्यात जास्त चुटपुट त्या चारांची लागते.

काका हटणारे नव्हते आणि त्यांची बाजू मला पटते. १९१८ चा रुपया त्यांच्या हातात ठेवून मी सांगितलं की पहिल्या महायुद्धात आपल्याकडं चांदी संपत आली तेव्हा अमेरिकेनं आपले २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले, त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी निघाली. काका लगेच म्हणाले, "म्हणजे तेव्हाही मोडूनच केले ना? मग आपण मोडले तर काय झालं?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. सुरतेच्या टांकसाळीनंही तेच केलं होतं. फक्त तिकडचे डॉलर मोजून, नोंदवून वितळवले गेले. आमचे चार तसेच गेले.

शेवटी तीन बारीक कड्यांचे रुपये सोनाराकडं गेले, वहीत नोंद आणि दोन्ही बाजूंचे फोटो झाल्यावर. बहिणीचे पैंजण झाले. आठ राहिले. आजीनं हे सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मना बापनी दिधेल शे ती. माले म्हाईत व्हतं." तिला माहीत होतं हे खरंच. पण आता काकांनाही माहीत झालंय.

मंडळाला माझी सूचना अशी. ह्या दिवाळीत कुणीही नाणी कॉलेजात आणू नका, हरवतील आणि भांडणं होतील. वही आणा. प्रत्येक रुपयाचं साल, कुणाचं तोंड, टांकसाळीची खूण, टिंबं, फळं, कडी कशी आहे, घरात त्याच्याबद्दल काय सांगतात, आणि जे दिसत नाही ते 'दिसत नाही' असं. कमी-जास्त फोटो चालतील. जमलं तर हिवाळ्यात सगळे मिळून नाशिकजवळच्या अंजनेरीला जाऊ. तिथं १९८० पासून नाणकशास्त्राची संस्था आहे, आणि रस्ता आपल्या मामाच्याच गावांवरून जातो.

माझ्या वहीत एक ओळ अर्धी आहे. १८६२ चा तिसरा रुपया. टिंबं पाच की सहा ते ठरत नाही. ज्या जागी सहावं असायचं ती जागा कितीतरी बायकांच्या गळ्याला घासून गुळगुळीत झालीय. कुणाच्या घरी तसाच रुपया निघाला तर कळवा, शेजारी ठेवून बघू.